एथ्ना युद्धनौकेची ब्वेनोस आयरेस भेट (२००६)

आयर्लंडच्या नौदलाची ध्वजनौका एल. ई. एथ्ना हिने अर्जेंटिनाची राजधानी ब्वेनोस आयरेस येथे २००६ साली दिलेली सदिच्छा भेट. अर्जेंटिनाच्या नौदलाचा जनक मानला जाणारा आयरिश दर्यावर्दी ॲडमिरल विल्यम ब्राउन (१७७७–१८५७) याचे स्मरण हे या भेटीचे निमित्त होते. आयरिश नौदलाचे जहाज दक्षिण गोलार्धातील मोहिमेवर पाठवले जाण्याचा हा पहिला प्रसंग. परतताना जहाजाने ब्राउनचा कांस्यपुतळा डब्लिनला आणला.

सदिच्छा भेट हा नौदलांचा जुना शिरस्ता आहे. यजमान देशाच्या परवानगीने युद्धनौका परक्या बंदरात येते, मानवंदनांची देवाणघेवाण होते, स्मारकांवर पुष्पचक्रे वाहिली जातात, जहाजावर स्वागतसमारंभ होतो आणि एखाद्या दिवशी सामान्य नागरिकांना ते आतून पाहू दिले जाते. मोठ्या आरमारांच्या भेटींत सौजन्याच्या जोडीला सामर्थ्याचे प्रदर्शनही असते. आयर्लंडचे तसे नाही. हा देश लष्करी तटस्थता पाळतो, आणि त्याच्या नौदलाचे रोजचे काम म्हणजे स्वतःच्या सागरी हद्दीत गस्त घालणे, मासेमारीवर लक्ष ठेवणे आणि संकटात सापडलेल्यांना मदत करणे. २००६ मध्ये या नौदलाकडे सगळी मिळून आठ जहाजे होती. त्यांतले सर्वांत मोठे जहाज अटलांटिकपार पाठवायचे, तर तितके दिवस घरची गस्त उरलेल्या सातांवर सोपवावी लागते. त्यामुळे अशा भेटी थोड्याच होतात आणि बहुधा देश सोडून गेलेल्या आयरिश माणसांच्या वाटेनेच होतात.

आयरिश नौदलाची स्थापना १९४६ ची. त्याचा तळ कॉर्क बंदरातील हॉलबोलिन बेटावर आहे. जहाजांच्या नावांआधी लागणारी ‘एल. ई.’ ही अक्षरे ‘आयरिश जहाज’ या अर्थाच्या आयरिश शब्दांची आद्याक्षरे होत. जहाजांना आयरिश पुराकथांतील स्त्रियांची नावे देण्याची प्रथा होती आणि एथ्ना हे त्यांपैकीच एक नाव. पुढे २०१४ पासून आलेल्या काही जहाजांना मात्र सॅम्युएल बेकेट, जेम्स जॉइस अशा लेखकांची नावे मिळाली. लेखकाशी या नौदलाचा संबंध त्याआधीही आला होता. फ्रान्समध्ये मरण पावलेल्या कवी डब्ल्यू. बी. येट्सचे अवशेष १९४८ मध्ये माखा या आयरिश नौकेनेच मायदेशी आणले.

एथ्ना कॉर्कजवळच्या रशब्रुक येथील व्हेरोल्म गोदीत बांधली गेली आणि डिसेंबर १९८४ मध्ये सेवेत दाखल झाली. लांबी सुमारे ८१ मीटर, मुख्य शस्त्र ५७ मिलिमीटरची बोफोर्स तोफ. आयरिश नौदलात हेलिकॉप्टरसाठी बांधलेली ही एकमेव नौका होती. ताशी १५ सागरी मैल वेगाने सुमारे ७,००० सागरी मैल जाण्याची तिची क्षमता असल्याने लांबच्या सफरींसाठी तीच सोयीची ठरे. १९८६ मध्ये तिने अटलांटिक ओलांडून न्यूयॉर्क आणि बॉस्टन गाठले. आयरिश नौदलाच्या जहाजाने हा महासागर पार करण्याची ती पहिलीच वेळ होती. २००२ मध्ये नीव ही दुसरी आयरिश नौका एरिट्रियातील आयरिश शांतिसैनिकांना रसद पोचवून आशियाई बंदरांना भेटी देत जपानपर्यंत गेली. दक्षिण अमेरिका मात्र तोवर राहून गेली होती, आणि ब्राउनची समाधी तिथेच आहे.

विल्यम ब्राउनचा जन्म आयर्लंडच्या पश्चिमेकडील मेयो परगण्यात फॉक्सफर्ड या लहान गावी २२ जून १७७७ रोजी झाला. नऊएक वर्षांचा असताना तो वडिलांबरोबर फिलाडेल्फियाला गेला. तिथे वडील पीतज्वराने दगावले आणि पोरका मुलगा जहाजावर पोऱ्या म्हणून कामाला लागला. पुढे ब्रिटिश आरमाराने त्याला सक्तीने भरती केले, फ्रेंचांनी कैद केले आणि त्या कैदेतून तो निसटला. १८१० च्या सुमारास तो व्यापारासाठी रिओ दे ला प्लाता नदीच्या मुखाशी येऊन राहिला. त्या वेळी तिथे स्पेनच्या सत्तेविरुद्ध उठाव झाला होता. ब्वेनोस आयरेस बंडखोरांच्या हाती होते, पण समोरच्या काठावरचे माँटेव्हिडिओ आणि नदीतली वाहतूक स्पॅनिश जहाजांच्या ताब्यात होती. नव्या सरकारने १८१४ मध्ये घाईने जमवलेल्या ताफ्याचे नेतृत्व ब्राउनकडे दिले.

हे आरमार म्हणजे बहुतांशी तोफा चढवलेली व्यापारी गलबते होती. नदीतील मार्तीन गार्सिया बेटावरील पहिल्या हल्ल्यात ब्राउनची ‘हर्क्युलीस’ नौका गाळात रुतली आणि तोफांच्या माऱ्याने तिची चाळण झाली. भोके चामड्याने बुजवून, वर डांबर फासून ती पुन्हा लढाईत उतरवली गेली. काळ्या पडलेल्या या जहाजाला लोक ‘काळी नौका’ म्हणू लागले. १५ मार्च १८१४ रोजी बेट सर झाले. हल्ला चढवताना संत पॅट्रिकच्या दिवसाची आयरिश धून वाजवली गेली, असे सांगतात. त्यानंतर दोन महिन्यांनी माँटेव्हिडिओसमोर बुसेओ येथे ब्राउनने माघारीची बतावणी करून स्पॅनिश ताफ्याला बंदराबाहेर खेचले आणि १७ मे रोजी निर्णायक विजय मिळवला. हा दिवस अर्जेंटिनात नौदलदिन म्हणून पाळला जातो.

ब्राझीलबरोबरच्या १८२५–२८ च्या युद्धात ब्राउनची कसोटी अधिक कठीण होती. ११ जून १८२६ रोजी लोस पोसोस येथे अवघी चार जहाजे आणि सात तोफनौका घेऊन तो ३१ ब्राझिलियन जहाजांसमोर उभा राहिला. ब्वेनोस आयरेसच्या किनाऱ्यावर जमलेले नागरिक ही लढाई डोळ्यांनी पाहत होते. रिओ दे ला प्लाताचे पात्र नावाला नदीचे आणि रुंदीने समुद्राचे, पण गढूळ व उथळ आहे. मोठ्या जहाजांना खोदलेल्या मार्गानेच आत यावे लागते. ही उथळता ब्राउनला पाठ होती आणि त्याचे बरेचसे यश तिच्यावर उभे आहे. दीडशेहून अधिक वर्षांनी एथ्नाही याच पाण्यातून ब्वेनोस आयरेसला आली.

१८४७ मध्ये, आयर्लंडमध्ये भीषण दुष्काळ चालू असताना, ब्राउन मायदेशी जाऊन आला. ३ मार्च १८५७ रोजी ब्वेनोस आयरेस येथे त्याचे निधन झाले. रेकोलेता दफनभूमीतील त्याच्या समाधीवर हिरवा उंच स्तंभ आहे. राजधानीच्या दक्षिणेकडील एका विभागाला, अनेक रस्त्यांना आणि नौदलाच्या विनाशिकांच्या एका वर्गाला त्याचे नाव आहे. त्याच्या पिवळ्या घराची प्रतिकृती उभारून तिथे ब्राउनच्या अभ्यासाची राष्ट्रीय संस्था चालवली जाते. जन्मभूमीत मात्र फॉक्सफर्डबाहेर त्याचे नाव फारसे कोणाला ठाऊक नव्हते. ज्याने दुसऱ्या देशाला आरमार दिले, त्याच्या हयातीत त्याच्या स्वतःच्या देशाला ना स्वतंत्र राज्य होते, ना आरमार. आयर्लंडचा ध्वज लावलेली युद्धनौका त्याच्या शहरात येणे ही गोष्ट त्यामुळेच इतर कोणत्याही सदिच्छा भेटीपेक्षा वेगळी ठरते.

या भेटीला आणखी एक बाजू होती. इंग्रजी न बोलणाऱ्या देशांपैकी सर्वांत मोठा आयरिश वंशाचा समाज अर्जेंटिनात आहे. एकोणिसाव्या शतकात वेस्टमीथ, लाँगफर्ड आणि वेक्सफर्ड या परगण्यांतून आलेल्या कुटुंबांनी पांपा या गवताळ प्रदेशात मेंढपाळीवर जम बसवला. त्यांनी स्वतःची चर्चे आणि शाळा उभारल्या. १८७५ मध्ये ‘द सदर्न क्रॉस’ हे वृत्तपत्रही निघाले. त्यांचे वंशज आज स्पॅनिश बोलतात आणि आडनावे मात्र आयरिश लावतात.

परतीच्या प्रवासात एथ्नाने आणलेला ब्राउनचा पुतळा २००६ मध्येच, आयरिश नौदलाच्या साठाव्या वर्धापनवर्षाच्या निमित्ताने, डब्लिनमध्ये लिफी नदीच्या दक्षिण तीरावरील सर जॉन रॉजर्सन धक्क्यावर उभारण्यात आला. एथ्ना ८ जुलै २०२२ रोजी सेवेतून निवृत्त झाली.