दोन संतपट आणि दोन नट

मराठी बोलपटाने १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’च्या रूपाने पहिले पाऊल टाकले, तेव्हा त्याच्यापाशी स्वतःचे असे नट थोडेच होते. गोड गळा, स्वच्छ वाणी आणि चोख पाठांतर यांचा साठा होता तो नाटक मंडळ्यांकडे. त्या बोलपटात हरिश्चंद्राची भूमिका केली तीही संगीत रंगभूमीवर नाव मिळविलेल्या गोविंदराव टेंबे यांनी. पुढे मंडळ्यांचे दिवस फिरले आणि अनेक नटांना पडद्याची वाट धरावी लागली. ती वाट दिसत होती तितकी सरळ नव्हती. पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीने लागोपाठच्या दोन वर्षांत काढलेले दोन संतपट याची साक्ष देतात.

पहिला ‘धर्मात्मा’. १९३५ साली व्ही. शांताराम यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटात एकनाथ झाले ते साक्षात बालगंधर्व. १९०५ सालापासून तीस वर्षे भामिनी, रुक्मिणी, सिंधू अशा नायिकांच्या रूपाने त्यांनी महाराष्ट्राला वेड लावले होते. कर्जाच्या ओझ्याखाली त्यांची मंडळी टेकीस आली, म्हणून ते चित्रपटाकडे वळले. परंतु ज्यांनी त्यांना शालू-शेल्यात पाहिले होते, त्यांना पुरुषवेषातले नारायणराव परके वाटले. रंगभूमीवर प्रेक्षकांच्या ‘वन्स मोअर’बरोबर त्यांचे पद फुलत जाई. चित्रपटगृहाच्या मंचावर ना तो प्रेक्षक, ना ती दाद. आणि गाणे ठरावीक मिनिटांत संपवावयाचे. प्रभातशी झालेली भागीदारी त्या एका चित्रपटानंतर संपुष्टात आली. १९३७ साली ‘साध्वी मीराबाई’त त्यांनी पुन्हा स्त्रीभूमिका केली, पण रंगमंचावर दूरून मोहिनी घालणारे ते रूप कॅमेऱ्याच्या जवळच्या नजरेला तितकेसे मानवले नाही. बालगंधर्व रंगभूमीकडे परतले.

दुसरा चित्रपट १९३६ सालचा ‘संत तुकाराम’. दिग्दर्शक विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल. तुकोबांच्या भूमिकेसाठी नाव पुढे आले विष्णुपंत पागनीस यांचे. १८९२ साली चिकोडीस जन्मलेल्या पागनीसांची उमेदीची वर्षेही नाटक मंडळीत स्त्रीभूमिका करण्यात गेली होती. पुढे ते रंगभूमीपासून दूर होऊन संगीत शिकवू लागले, भजने गाऊ लागले. सारंग रागात त्यांनी गायिलेल्या ‘वंदे मातरम्’ची ध्वनिमुद्रिकाही प्रसिद्ध झाली. तरीही स्त्रीभूमिकांचे लाडिक हावभाव त्यांच्या अंगी मुरलेले असणार, असा रास्त संशय दिग्दर्शकांना होता.

हा संशय पागनीसांनी कसा फेडला, ते पडद्यावर पाहावे. जुन्या नाट्यगृहात ध्वनिक्षेपक नसे. पिटातल्या शेवटच्या माणसाला कळावे म्हणून नटाला हात उंच फेकावा लागे, आवाज चढवावा लागे. पागनीसांच्या तुकोबांत यातले काही नाही. हात टाळांत गुंतलेले, नजर विठ्ठलाकडे, आणि सूर बोलण्यातून अलगद उमटणारा. चित्रपटाच्या आरंभीच एक अभंग दोन मुखांतून ऐकू येतो. तुकोबा तो साधेपणाने गातात. तोच अभंग आपला म्हणून मिरविणारा सालोमालो नाटकी थाटात, हरकती घेत गातो. संगीतकार केशवराव भोळे यांनी दोन चालींतून दोन स्वभाव उभे केले. यातला मर्मभाग असा, की सालोमालोचा तो नाटकी थाट ज्या रंगभूमीचा, तिच्याच कुशीत पागनीस वाढले होते. आपल्या पूर्वायुष्याची कमाई बाजूला ठेवूनच त्यांना तुकाराम होता आले. गौरी यांच्या रांगड्या, प्रेमळ जिजाईसमोर तर कृत्रिमता क्षणभरही टिकली नसती.

मुंबईच्या सेंट्रल सिनेमात हा चित्रपट वर्षाहून अधिक काळ चालला. १९३७ साली व्हेनिस येथील चित्रपट महोत्सवात, मराठीचा गंधही नसलेल्या परीक्षकांनी त्याचा गौरव केला.

या यशाची किंमतही पागनीसांनी मोजली. लोक त्यांना संत समजून वाकून नमस्कार करू लागले, आणि निर्मात्यांनाही त्यांच्यात संतावाचून दुसरे काही दिसेना. ‘संत तुलसीदास’ (१९३९) आणि ‘नरसी भगत’ (१९४०) याच वाटेने आले. १९४३ साली त्यांचे निधन झाले.

या दोघांत थोर कोण, हा प्रश्न गैरलागू आहे. बालगंधर्वांचे गाणे आजही मराठी कानांत आहे. परंतु जी रंगभूमी बालगंधर्वांचा श्वास होती आणि म्हणून सोडवेना, ती पागनीसांनी चित्रपटापूर्वीच सोडली होती. हा फरक दोघांच्या चित्रपटांत स्पष्ट दिसतो. आज कित्येक मराठी घरांतील देवघरांत तुकोबांची जी तसबीर पुजली जाते, तिच्यातला चेहरा विष्णुपंत पागनीसांचा असतो. हात जोडणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ते ठाऊक असते.