आगगाडीतील आग

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याकडे पहिली गाडी सुटली, तेव्हा तिच्या चौदा डब्यांना तीन इंजिने जोडलेली होती. मराठी माणसाने या वाहनाला नाव दिले ते ‘आगगाडी’. समुद्रावर ‘आगबोट’ होतीच. नव्या युगाचे सामर्थ्य अग्नीत आहे, हे आपल्या भाषेने अचूक ओळखले होते.

पुढच्याच वर्षी कावसजी दावर यांनी कापडगिरणीचा पाया घातला. पाहता पाहता मुंबईत धुराड्यांचे रान उभे राहिले. मुंबईजवळ कोळशाच्या खाणी नाहीत. तो इंग्लंडहून जहाजाने किंवा दूर बंगालमधून आणावा लागे. खर्च मोठा आणि धूरही असह्य. इतका, की १९१२ साली मुंबई सरकारने धुराच्या उपद्रवाविरुद्ध कायदाच केला.

या पेचातून सुटण्याचा मार्ग सह्याद्रीने दाखवला. घाटमाथ्यावर कोसळणारा पाऊस तलावांत साठवून कोकणात उतरवावा व त्यावर वीज निर्माण करावी, ही जमशेटजी टाटांची कल्पना त्यांच्या मृत्यूनंतर सिद्धीस गेली. १९१५ साली खोपोलीची वीज मुंबईस पोहोचली आणि गिरण्या कोळशावाचून चालू लागल्या. १९२५ साली मुंबई व कुर्ल्याच्या दरम्यान विजेची गाडीही धावली. आगगाडीतील आग विझली, असे कोणालाही वाटले असते.

परंतु ती विझली नव्हती. रेल्वेने पुढे ठाकुर्लीनजीक चोळा येथे स्वतःचे वीजकेंद्र उभारले, ते कोळशावर चालणारे. म्हणजे इंजिनातील आग केवळ वीजकेंद्रात गेली. शहराची गरज तर अशी वाढली की पाणी पुरेना. १९५६ साली ट्रॉम्बे येथे औष्णिक वीजकेंद्र सुरू झाले. आणि पाण्याची वीज तरी कोणाच्या जिवावर? मुळशीच्या धरणात ज्यांची घरे व शेते बुडणार होती, त्या मावळच्या शेतकऱ्यांनी १९२१ साली सेनापती बापटांच्या साथीने सत्याग्रह केला. धरण झालेच. दिवे मुंबईत लागले, गावे मुळशीत बुडाली.

हा जुना हिशेब आज पुन्हा मांडण्याचे कारण, त्या वेळी एक रकमेची नोंदच कोणी केली नव्हती. कोळशातील कार्बन जळताना हवेतील प्राणवायूशी संयोग पावतो. म्हणून एक टन कार्बनापासून सुमारे ३.७ टन कार्बन डायऑक्साइड निर्माण होतो. काजळी पावसाने धुऊन जाते. या वायूचा मोठा अंश मात्र शतकानुशतके वातावरणात राहतो व पृथ्वीची उष्णता कोंडून धरतो. १९५८ साली हवाईतील मौना लोआ पर्वतावर त्याचे नियमित मापन सुरू झाले, तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत त्याचे प्रमाण सुमारे ३१५ होते. आज ते ४२० च्या वर गेले आहे. आपल्या प्रत्येक व्यवहारामागे हवेत राहून जाणाऱ्या या वायूच्या हिशेबालाच आज ‘कार्बन पदचिन्ह’ म्हणतात.

भारताने २०७० पर्यंत हे निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्याचा संकल्प २०२१ साली जाहीर केला आहे. आज आपल्या बहुतेक रेल्वेमार्गांवर विजेची तार आहे. पण देशातील बहुतांश वीज अजूनही कोळशाचीच. सूर्य आणि वारा यांचा वाटा वाढत आहे, ही आनंदाची गोष्ट होय. मात्र इंधन बदलले तरी हाव तीच राहिली, तर आग दुसऱ्या दाराने परत येते, हे मुंबईचा इतिहास सांगतो. नव्या विजेसाठी ज्याची जमीन जाईल, त्याला न्याय मिळाला नाही, तर मुळशीचीच पुनरावृत्ती होईल, हेही तोच सांगतो.

विजेची कळ दाबताना आपल्याला ज्वाळा दिसत नाही, धूरही दिसत नाही. आपल्या आजोबांना मात्र तो दिसत होता, म्हणून त्यांनी गाडीला खरे नाव दिले. आग दृष्टीआड गेली, तरी तिचा हिशेब दृष्टीआड होऊ नये, एवढेच या इतिहासाचे मागणे आहे.