शिसं कुणाच्या खोगिरात

नांदेडहून लातूरकडे निघालं की वाटेत लोहा तालुक्यातलं माळेगाव लागतं. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला इथे खंडोबाची यात्रा सुरू होते, तिच्यासोबत घोड्यांचा बाजारही. घेणारा दात बघतो, अंगावरचे भोवरे तपासतो, देवमण शोधतो, चार पावलं पळवून पाहतो. जनावराची खोड विकणाऱ्याला जास्त ठाऊक असते हे खरं. पण जनावर निदान दोघांच्याही समोर उभं असतं.

रेसच्या घोड्यावर पैसे लावणाऱ्याच्या नशिबी तेवढंही नसतं. मराठवाडा निजामाच्या मुलखात होता, तेव्हा आपल्याकडच्या माणसाला महालक्ष्मीपेक्षा हैदराबादचं मलकपेठ जवळचं. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी १८८६ साली शर्यती मलकपेठला आणल्या. विसावं शतक उजाडता उजाडता हैदराबाद–मनमाड रेल्वे नांदेडवरून धावू लागली. गाडीने मैदान गाठता येत होतं. तबेल्यातली बातमी मात्र तिकिटावर मिळत नव्हती.

रेसवाल्यांनी घोड्यांमधल्या न्यायाचा विचार फार बारकाईने केला आहे. हँडिकॅप शर्यतीत सरस घोड्याच्या पाठीवर जास्त वजन देतात. जॉकी हलका पडला तर खोगिराला शिसं लावतात. हेतू हा की, सगळ्यांना जिंकायची सारखी संधी मिळावी. पण खिडकीपाशी रांगेत उभ्या असलेल्या माणसांचं काय? जॉकीला पैज लावायला मनाई असते, ती सोडली तर जास्त जाणणाऱ्याच्या खिशात कुणी शिसं घालत नाही.

टोटवर हे विशेष बोचतं. बुकी स्वतः भाव देतो, हरला तर स्वतःच्या गल्ल्यातून भरतो. टोटची पद्धत एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये जोसेफ ओलेर याने रुजवली. तिच्यात सगळ्यांचे पैसे एकत्र होतात, क्लबचा वाटा आणि कर कापला जातो, उरलेलं जिंकणाऱ्यांत वाटतात. म्हणजे जाणकाराने नेलेला पैसा क्लबचा नसतो, रांगेत त्याच्या मागे उभ्या असलेल्याचा असतो.

आपल्या कायद्याने तर ही विषमताच खेळाचा परवाना मानली. १९९६ साली के. आर. लक्ष्मणन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने घोड्यांची शर्यत हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवला, म्हणून तो जुगारात मोडत नाही. निकाल मला पटतो, पण त्याची दुसरी बाजू कुणी मोठ्याने बोलत नाही. मटक्यात आकडा सचोटीने काढला, तर अडाणी आणि शहाणा सारखेच आंधळे, तो गुन्हा. रेसमध्ये एक डोळस आणि दहा आंधळे, ते कायदेशीर.

डोळस किती डोळस असू शकतो, हे हाँगकाँगमध्ये दिसलं. १९८०च्या दशकात बिल बेंटर आणि अॅलन वुड्स तिथे संगणक घेऊन बसले. प्रत्येक घोड्याची जुनी कामगिरी गणितात घालून ते जिंकण्याची शक्यता काढत आणि जिथे टोटचा भाव त्याहून उदार दिसे तिथेच पैसे लावत. लबाडी काहीच नव्हती. कागदपत्रं सगळ्यांना खुली होती, फक्त ती तशी वाचण्याची ऐपत सगळ्यांची नव्हती. बेंटरने १९९४ साली आपली रीत छापूनही टाकली.

आता असे गट अमेरिकेतही आहेत, शेवटच्या क्षणी मोठ्या रकमा लावणारे. वर त्यांना उलाढालीवर सूटही मिळते. दारं उघडल्यावर भाव कोसळलेला पाहून साधे पंटर इतके वैतागले, की शर्यत सुटण्याआधीच्या अखेरच्या मिनिटांत या गटांना ‘विन’च्या पैजा बंद करण्याचा नियम न्यूयॉर्कच्या रेसवाल्यांना करावा लागला. पैज लावणाऱ्याच्या खोगिरात घातलेलं एवढंच शिसं मला ठाऊक आहे.