अरबी समुद्रातील केबल आणि तारेची दिरंगाई

हिंदुस्थान व इंग्लंड यांच्या दरम्यान तारेला होणाऱ्या विलंबाचे खापर सहसा समुद्रावर फोडले जाते. वस्तुतः 1865 मध्ये हा मार्ग सुरू झाल्यावर रोजची दिरंगाई बहुतांशी जमिनीवरचीच होती. इराणच्या आखातात 1864 साली टाकलेली केबल, म्हणजे गटापर्चा या झाडाच्या चिकाचे वेष्टण आणि त्यावर लोखंडाचे चिलखत चढवलेली तांब्याची तार, फाव या ठाण्यावर संपत असे. तेथून बगदादमार्गे जाणाऱ्या तुर्की तारेवर इंग्रजी न जाणणारे कारकून एकेक अक्षर उतरवून मजकूर पुढे धाडीत, त्यामुळे मुंबईच्या कापूस व्यापाऱ्याच्या हाती पडणारी तार नुसती शिळीच नव्हे, तर कित्येकदा अर्थहीनही झालेली असे.

समुद्राचा विलंब वेगळ्या जातीचा होता, कारण केबल शाबूत असेपर्यंत तो जाणवत नसे आणि ती निकामी झाली की व्यवहारच ठप्प होई. अशा वेळी किनाऱ्यावरून तारेचा विद्युतरोध, म्हणजे प्रवाहाला होणारा अडथळा, मोजून दर सागरी मैलाच्या ठाऊक असलेल्या रोधावरून बिघाडाचे अंतर काढीत. मात्र बिघाडाच्या जागीही स्वतःचा रोध असल्याने हे गणित दिसते तितके सरळ नसे. पुढे दुरुस्तीचे जहाज तेथे जाऊन लोखंडी गळ तळावरून आडवा ओढी, केबल वर घेऊन कापी, एक टोक तरंगत्या बोयाला बांधून ठेवी आणि नवा तुकडा सांधी.

1873 मध्ये कराची–ग्वादर केबल बंद पडली तेव्हा ‘अँबर विच’ जहाजावरच्या लोकांना केबल ओढताना खडकात अडकल्यासारखा ताण जाणवला, आणि अखेरीस शेपटीजवळ तिचे अडीच वेढे बसलेला, माशांनी अर्धवट खाल्लेला प्रचंड देवमासा वर आला. त्या ठिकाणी तळ एकदम खोल गेल्याने केबल झोळीसारखी लोंबत होती, आणि अंगावरचे जीव घासून काढताना तो तीत गुरफटला असावा, असा तर्क त्या वेळी केला गेला.

दरम्यान 1870 मध्ये ‘ग्रेट ईस्टर्न’ जहाजाने मुंबई–एडन केबल टाकली, तेव्हा सुएझ, माल्टा व जिब्राल्टरमार्गे जाणाऱ्या तारांची तुर्की ठाण्यांपासून सुटका झाली, परंतु एकेरी केबलीचा धोका कायम होता, म्हणून ते दशक सरण्यापूर्वीच त्याच मार्गावर दुसरी केबल टाकावी लागली.