तगाईचे कूळ

वऱ्हाडातल्या कास्तकाराने सावकाराखेरीज ज्या दुसऱ्या दाराशी पैशासाठी उभे राहावे त्या दाराचे नाव, सोसायटी आणि बँक हे शब्द यवतमाळ जिल्ह्याच्या काळ्या मातीत रुजण्याच्या कितीतरी पिढ्या आधीपासून, तगाई असे होते. शेतीच्या कामासाठी सरकारने रयतेस खजिन्यातून दिलेली आगाऊ रक्कम, एवढाच तिचा सरळ अर्थ. अरबीतून आलेल्या मूळ शब्दात बळ देण्याची कल्पना आहे आणि फारसी दफ्तरांत तो तकावी या रूपाने वावरला. परंतु हे बळ सरकार कोणासाठी देत असे, रयतेच्या योगक्षेमासाठी की आपल्या वसुलासाठी, हा प्रश्न या संस्थेच्या मागे तिच्या जन्मापासून लागलेला आहे; आणि आजच्या पीककर्जाची व सरकारी हमीची गुंतागुंत उलगडू पाहणाऱ्यास तो टाळून पुढे जाता येत नाही.

चौदाव्या शतकात दिल्लीच्या महंमद तुघलकाने दुष्काळाने ओसाड पडलेला मुलूख पुन्हा लागवडीस आणण्यासाठी जी कर्जे वाटली त्यांना तत्कालीन इतिहासकार सोंधार म्हणतात. ती वसूल होण्याची आशा मावळली तेव्हा त्याच्या मागून गादीवर आलेल्या फिरोजशहाने ती माफ करून टाकली, असे शम्स सिराज अफीफ नमूद करतो. कर्जमाफी हे निवडणुकांचे अपत्य आहे असे जे आपणांस वारंवार ऐकवले जाते त्यापुढे ठेवण्याजोगा हा दाखला आहे, कारण त्या सुलतानाला कोणाची मते मागावयाची नव्हती. पुढे अकबराच्या अमदानीत अबुल फजलाने वसुली अंमलदाराची जी कर्तव्ये लिहून ठेवली त्यांत नडलेल्या शेतकऱ्यास पैसा आगाऊ देऊन तो सावकाशीने परत घ्यावा, हेही एक कर्तव्य म्हणून आले आहे. जो वसूल करतो त्यानेच कर्ज द्यावे ही जोडी येथे स्पष्ट दिसते, आणि ती पुढे चारशे वर्षे सुटली नाही.

मराठी मुलखात या व्यवहाराचा सर्वांत बोलका कागद म्हणजे शिवाजी महाराजांनी ५ सप्टेंबर १६७६ रोजी प्रभावळी मामल्याचे सुभेदार रामाजी अनंत यांस लिहिलेले पत्र. मामला कोकणातला, त्याचा वऱ्हाडाशी संबंध नाही. परंतु सरकारने कर्ज कसे द्यावे याची जी रीत त्यात घालून दिली आहे ती इतकी बारकाईची आहे की या कुळकथेत तिला मधल्या चौकातच जागा द्यावी लागते. सुभेदाराने कचेरीत बसून अर्जांची वाट पाहावयाची नाही. त्याने गावोगाव फिरावे, कुणबी गोळा करावे, कोणाच्या घरी राबती माणसे किती आणि त्यांच्याने जमीन किती होईल हे पाहावे, आणि ज्याच्यापाशी मनुष्यबळ आहे पण बैल नाहीत, नांगर नाही, पोटास दाणा नाही, त्याला दोन-चार बैलांचे पैसे रोख द्यावे, खंडी-दोन खंडी धान्य द्यावे आणि त्याच्याच्याने होईल तितके शेत करवावे. मग परतफेडीविषयी दोन आज्ञा येतात: एक अशी की वाढीदिढी न करता केवळ मुद्दलच घ्यावे, आणि दुसरी अशी की तेही त्याला ताकद येत जाईल तसतसे हळूहळू घ्यावे. या कामासाठी दोन लाख लारी (तेव्हाचे चांदीचे नाणे) इथपर्यंतचा खर्च मजुरा देण्याची तयारी महाराजांनी दाखविली आहे. पडीक जमीन लागवडीस आली तर दिवाणाचा वसूल वाढेल, हा हेतू पत्रात लपविलेला नाही. राज्याचे हित आणि रयतेचे हित एकाच नांगराला जुंपावे इतका साधा व्यवहार त्यामागे आहे.

वऱ्हाड १८५३ च्या तहाने निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आले. आजचा यवतमाळ जिल्हा १८६४ मध्ये आग्नेय वऱ्हाड म्हणून वेगळा निघाला, पुढे वणी जिल्हा म्हणून ओळखला जाऊ लागला आणि १९०५ च्या फेररचनेत पुसद तालुका जोडून घेऊन त्याने सध्याचे नाव धारण केले. मुंबई इलाख्याच्या धर्तीवर पाहणी होऊन येथे रयतवारी आली, म्हणजे जमीन खातेदाराच्या नावे झाली, आणि नावे झालेली जमीन गहाण टाकण्याजोगी झाली; त्याच सुमारास अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला अपूर्व भाव आला. या दोन गोष्टींचा संयोग सावकाराच्या पथ्यावर पडला. पूर्वी सावकार पिकाकडे पाहून देत असे, आता तो जमिनीकडे पाहून देऊ लागला. बी-बियाण्याला नेलेले धान्य सुगीत सवाईने किंवा दिढीने परत करावयाचे ही जुनीच रीत होती, पण तिच्या शेवटाला दिवाणी न्यायालयाची जप्ती उभी असणे ही नवी होती.

पुणे आणि नगर जिल्ह्यांत १८७५ साली रयतेने सावकारांच्या वह्या व खते जाळली, १८७९ मध्ये दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला, १८८० मध्ये दुष्काळ आयोगाचा अहवाल आला, आणि त्यातून ज्या दोन कायद्यांनी तगाईला आधुनिक देह दिला ते जन्मले: १८८३ चा जमीन सुधारणा कर्जाचा आणि १८८४ चा शेतकरी कर्जाचा. पहिला विहिरी, बांध, पाण्याचा निचरा अशा टिकाऊ कामांसाठी. दुसरा बी, बैल आणि आपत्तीतील निर्वाह यांसाठी. (ज्योतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ पुरा केला तोही १८८३ सालीच, एकाच वर्षी सरकार आणि सरकारचा टीकाकार एकाच माणसाविषयी लिहीत होते.) वऱ्हाड कायद्याच्या दृष्टीने निजामाचेच असल्यामुळे ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे येथे वेगळ्या हुकुमाने लागू करावे लागत, एवढाच काय तो येथला विशेष.

या तगाईची चाल कशी असे? कास्तकाराने तहसील कचेरीत अर्ज करावयाचा. पटवाऱ्याने त्याचे क्षेत्र, आकार आणि बाकी यांचा दाखला द्यावयाचा. जमीन तारण द्यावयाची किंवा जामीनदार उभा करावयाचा, किंवा गावातील अनेकांनी मिळून एकमेकांसाठी बांधील राहण्याचा करार करावयाचा. मग रक्कम, आणि मग हप्ते. व्याज पुष्कळ काळ रुपयाला एक आणा, म्हणजे शेकडा सव्वासहा, असे होते, आणि सावकाराच्या दराशी ताडून पाहता ते स्वस्तच म्हटले पाहिजे. तरीही कास्तकार सावकाराचे दार सोडीना. त्याची कारणे शोधण्यास दूर जावे लागत नाही. तगाई विहिरीसाठी मिळे, लग्नासाठी वा दुखण्यासाठी मिळत नसे. मृगाला मागितलेली रक्कम कागद पुरे होईतो पोळ्यापर्यंत लांबे. आणि मुख्य म्हणजे दोन्ही कायद्यांत असे कलम होते की थकलेली तगाई जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करता येईल. सावकाराला निदान न्यायालयात जावे लागे. सरकारला तेही नको होते. सतराव्या शतकातील पत्रात ज्या अंमलदारास बैलांचे पैसे हाती घेऊन कुणब्याच्या बांधावर जाण्यास सांगितले होते, तोच आता जप्तीचा कागद घेऊन तेथे जाऊ लागला.

खजिन्यातून पैसा वाटण्यापेक्षा शेतकऱ्यांचीच पतसंस्था उभारावी हा विचार जर्मनीतील रायफायझेनच्या ग्रामसंस्थांचा अभ्यास करून मद्रासच्या फ्रेडरिक निकोल्सन यांनी मांडला आणि १९०४ च्या सहकारी पतसंस्थांच्या कायद्याने तो देशभर आला. वऱ्हाडात तो कापसाच्या तेजीत फोफावला आणि १९३० नंतरच्या मंदीत कोसळला. भाव पडले तेव्हा सोसायटीचा सभासद आणि सावकाराचे कूळ यांच्या थकबाकीत फरक राहिला नाही. पंजाबराव देशमुख मध्यप्रांत-वऱ्हाडचे मंत्री असतानाच्या काळात, १९३३ साली, कर्ज लवादाचा कायदा झाला आणि ऋणको-धनकोंना समोरासमोर बसवून कर्ज कमी करून देणारी मंडळे स्थापन झाली. परंतु लवाद जुने कर्ज घटवू शकतो, नवे कर्ज देऊ शकत नाही.

स्वातंत्र्यानंतर गोरवाला यांच्या अध्यक्षतेखाली, धनंजयराव गाडगीळ ज्या समितीचे एक सभासद होते, त्या ग्रामीण पत पाहणी समितीने १९५१-५२ सालचा हिशेब मांडला तेव्हा शेतकऱ्याच्या एकूण कर्जात सरकारचा वाटा शेकडा ३.३ आणि सहकारी संस्थांचा ३.१ एवढाच भरला. सत्तर वर्षांच्या तगाईचे आणि पन्नास वर्षांच्या सहकाराचे हे फलित! १९५४ च्या अहवालाने यावर उपाय सुचविला तो असा की सरकारने स्वतः कर्ज वाटण्याऐवजी सहकारी संस्थांच्या भांडवलात भागीदार व्हावे आणि त्यांच्या पाठीशी आपली पत उभी करावी. तगाई येथून ओसरू लागली आणि तिच्या जागी दुसरी वस्तू आली: हमी.

गव्हाण-मुसळासारखी दिसणारी नसल्यामुळे हमी ही वस्तू कास्तकाराच्या दृष्टीस कधी पडली नाही, परंतु तिच्यावाचून त्याचे एकही मोठे कर्ज झाले नाही. विहिरीसाठी, मोटारपंपासाठी दीर्घ मुदतीचे कर्ज देणारी भूविकास बँक ऋणपत्रे विकून पैसा उभा करी आणि त्या ऋणपत्रांना राज्य सरकारची हमी असे. पुसदजवळच्या गहुलीचे वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना १९७२-७३ च्या हंगामापासून जी कापूस एकाधिकार खरेदी सुरू झाली तिचा पैसाही सरकारी हमीवरच उचलला जाई. याच सुमारास, १९७१ साली, रिझर्व्ह बँकेच्या पुढाकाराने पत हमी महामंडळ निघाले आणि लहान कर्जदाराने बुडविलेल्या रकमेचा मोठा भाग बँकेला भरून देण्याची व्यवस्था झाली. अमेरिकेतही कौटुंबिक शेती करणाऱ्यास बँकेने दिलेल्या कर्जावर सरकार असेच उभे राहते. तेथे ही हमी नुकसानीच्या शेकडा ९५ पर्यंत जाते. आमच्याकडील पत हमीची योजना मात्र अशी आटली की एप्रिल २००३ नंतर तिच्यात एकही बँक उरली नाही.

या सर्व हम्यांत एक गोष्ट समान आहे, आणि माझ्या मते साऱ्या कुळकथेचे मर्म तेथेच आहे: हमी नेहमी देणाऱ्याला मिळाली, घेणाऱ्याला नाही. ऋणपत्र घेणारा निश्चिंत झाला, शिखर बँक निश्चिंत झाली. विहिरीला खाली काळा पाषाण लागून पाणी न लागलेल्या कास्तकाराच्या नावावरचा बोजा मात्र जसाच्या तसा राहिला. एकाधिकार खरेदीत तर वसुली केंद्रावरच होई. कापसाच्या चुकाऱ्यातून सोसायटीची रक्कम आधी कापली जाई आणि उरलेल्याचा धनादेश हाती पडे, तोही पुष्कळदा उशिराने. त्यामुळे ज्याला रोकड हवी तो रात्री बैलगाडी जुंपून व्यापाऱ्याकडे वळे, आणि कायदा मोडल्याचा दोष त्याच्या माथी येई.

सध्या वेळेवर फेडणाऱ्यास तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज पंजाबराव देशमुखांच्या नावाच्या व्याज सवलत योजनेमुळे बिनव्याजी पडते. मुद्दलच घ्यावे ही १६७६ ची पहिली आज्ञा अशा रीतीने पाळली गेली. ताकद येईल तसे हळूहळू घ्यावे ही दुसरी मात्र वेळेवर या एका शब्दाने रद्द केली. त्याचा परिणाम मार्च महिन्यात आर्णी, घाटंजी किंवा राळेगावकडच्या कोणत्याही सोसायटीत पाहावा. भाव वाढेल म्हणून कापूस घरात आहे, तूर नुकतीच निघाली आहे, आणि गटसचिव यादी घेऊन बसला आहे. कास्तकार कोठून तरी आठ-पंधरा दिवसांसाठी रक्कम आणतो, जुने खाते भरून टाकतो, नवे कर्ज उचलतो आणि आणलेली रक्कम वाढीसकट परत करतो. याला तेथे नवे-जुने करणे म्हणतात. सरकारी दप्तरात ही वसुली शंभर टक्के आणि व्याज शून्य अशी नोंदली जाते. मधले आठ-पंधरा दिवस कोणत्याही रकान्यात येत नाहीत. पांढरकवड्याकडील कोलाम, गोंड कुटुंबांसाठी आदिवासी विकास महामंडळाची खावटी, म्हणजे निर्वाहासाठीची कर्जयोजना, होती, तिची गोष्ट निराळी आणि अधिक करुण आहे; ती येथे मावणार नाही.

महागाव तालुक्यातील चिलगव्हाणच्या एका शेतकरी कुटुंबाने १९ मार्च १९८६ रोजी आपला अंत करून घेतला तेव्हापासून या जिल्ह्याचे नाव कर्जाशी जे जोडले गेले ते सुटलेले नाही. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात येऊन गेले आणि यवतमाळसह सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींची योजना निघाली, तिने थकलेले व्याज माफ झाले. २००८ च्या देशव्यापी माफीने दोन हेक्टरांपर्यंतच्या शेतकऱ्याचे कर्ज पुरते उतरविले, पण कोरडवाहू वऱ्हाडात सात-आठ एकरांचा धनीही दरिद्रीच असतो, हे सूत्र ठरविणारांच्या ध्यानी आले नाही. बागायती पाच एकर आणि कोरडवाहू पाच एकर यांना एकाच मापाने मोजणाऱ्या माणसाने यवतमाळचा वैशाख पाहिलेला नसावा.

तगाई मात्र अजून पुरती मेलेली नाही. भूविकास बँकेची थकबाकी २०२२ मध्ये राज्य सरकारने माफ केली. पण आजोबांनी बैलासाठी घेतलेली तगाई, बांधबंदिस्तीच्या कामाचा बंडिंग बोजा, कधीच फिटलेली वा कोणी मागावयासही न आलेली असली देणी कित्येक सातबारांच्या इतर हक्कांच्या रकान्यात आजही टिकून आहेत, आणि बँकेत नवे कर्ज मागावयास गेल्यावर अधिकारी त्याच ओळीवर बोट ठेवतो. महसूल खात्याने अशा कालबाह्य नोंदी काढून टाकण्याची मोहीम अलीकडे हाती घेतली आहे. तेव्हा ज्यांच्या नावे वऱ्हाडात एकरभरही जमीन असेल त्यांनी आपला सातबारा काढून तो रकाना एकदा नीट वाचावा, तशी ओळ आढळल्यास तलाठ्याकडे लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी, आणि मंडळ अधिकाऱ्याने फेरफार प्रमाणित करीपर्यंत पाठपुरावा सोडू नये.