लाल कोळी आणि काचघर: एका चिमुकल्या शत्रूचा इतिहास

#थ्रेड

खिडकीत ठेवलेल्या क्रोटनच्या पानांवर सुईने टोचल्यासारखे फिकट ठिपके उमटतात. हिरवा रंग हळूहळू उडत जातो आणि देठांच्या बेचक्यांत रेशमासारखे बारीक जाळे दिसू लागते. बहुतेक जण या टप्प्यावर कीटकनाशकाची बाटली आणतात. फवारणी होते, काही दिवस बरे जातात, आणि मग जाळे पूर्वीपेक्षा दाट होऊन परतते. असे का घडते, याचे उत्तर रसायनशास्त्राइतकेच इतिहासातही दडलेले आहे.

प्रथम शत्रूची ओळख. आपल्याकडचे शेतकरी याला लाल कोळी म्हणतात. उन्हाळ्यात भेंडी-वांग्याच्या पानांवर तो त्यांच्या चांगल्याच परिचयाचा. हा कीटक नव्हे. आठ पायांचा, कोळ्याच्या कुळातला, जेमतेम अर्धा मिलिमीटर लांबीचा हा प्राणी पानाच्या खालच्या बाजूला बसून एकेका पेशीतील रस शोषतो. त्याच्या सर्वांत उपद्रवी जातीचे टेट्रानिकस अर्टिकी हे नाव जर्मन अभ्यासक कार्ल लुडविग कोख याने १८३६ मध्ये दिले. नावात ‘लाल’ असले तरी ही जात एरवी फिकट हिरवीच असते, पाठीवर दोन काळपट डाग असलेली. थंडीत सुप्तावस्थेत जाणाऱ्या माद्या तेवढ्या नारिंगी-लाल होतात.

उघड्या रानात हा जीव एक किरकोळ प्रजा होता. पाऊस त्याला धुऊन काढी आणि भक्षक त्याला खाऊन टाकीत. त्याला साम्राज्य मिळवून दिले ते माणसाने, काचेच्या छपराखाली.

१८४५ मध्ये ब्रिटनने काचेवरील कर रद्द केला. काच स्वस्त झाली आणि श्रीमंतांच्या बागांपुरती असलेली काचघरे मध्यमवर्गाच्या आवाक्यात येऊ लागली. १८५१ च्या लंडन प्रदर्शनासाठी जोसेफ पॅक्स्टनने उभारलेला स्फटिकप्रासाद हे या काचवेडाचे शिखर. पॅक्स्टन मुळात माळी होता, हे येथे विसरून चालणार नाही. काचघरांत गरम पाण्याचे नळ फिरले, दिवाणखान्यांत कोळशाच्या शेगड्या धगधगू लागल्या. म्हणजे ऊब आली, कोरडेपणा आला, आणि पाऊस व भक्षक मात्र बाहेरच राहिले. लाल कोळ्याला याहून वेगळे काय हवे होते? तिशीच्या आसपासच्या तापमानात त्याची अंड्यापासून प्रौढापर्यंतची वाढ साधारण आठवडाभरात पुरी होते आणि एक मादी शंभराच्या आसपास अंडी घालते. घरातली रोपे त्याला इतकी का मानवतात, ते यातूनच उमगते.

याच काळातील एक उलटा प्रयोग फार बोलका आहे. पूर्व लंडनमधील डॉक्टर नॅथॅनिएल वॉर्ड यांची नेच्याची रोपे कोळशाच्या धुराने मरत असत. १८२९ मध्ये त्यांनी एका पतंगाचा कोश ओलसर मातीसह बंद बाटलीत ठेवला, आणि काही दिवसांत त्या मातीतून नेचा व गवत उगवलेले त्यांना दिसले. त्यातून ‘वॉर्डची पेटी’ जन्मली. रॉबर्ट फॉर्च्यूनने चीनमधून चहाची रोपे हिंदुस्थानात आणली ती अशाच पेट्यांतून. वॉर्ड यांना काळजी होती धुराची. पण बंद पेटीत ओलावा टिकून राहतो, आणि दमट हवा हीच लाल कोळ्याला न मानवणारी गोष्ट.

काचघरातील माळ्यांना हे अनुभवाने कळले होते. पितळी पिचकारीने पानांच्या खालच्या बाजूवर पाणी मारणे, फरशी व वाटा दिवसातून अनेकदा ओल्या करणे, गरम नळांवर गंधकाचा लेप देणे, हे त्यांचे उपाय. तंबाखूचा धूरही करीत. त्याने मावा मरे, लाल कोळी फारसा मरत नसे. पिचकारीचे काम कष्टाचे आणि रोजचे होते. म्हणूनच पुढे जेव्हा एका फवाऱ्यात प्रश्न मिटवण्याचे आश्वासन आले, तेव्हा ते साऱ्यांना हवेसे वाटले.

१९३९ मध्ये पॉल म्युलर यांनी डीडीटीचा कीटकनाशक गुण शोधला आणि १९४८ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. युद्धानंतर हे द्रव्य शेतांत आणि बागांत मुक्तहस्ते वापरले गेले, आणि फळबागांत लाल कोळ्यांचे अभूतपूर्व उद्रेक झाले. डीडीटीने लाल कोळी विशेष मरत नव्हता. मरत होते त्याला खाणारे. १९५६ मध्ये अमेरिकेच्या वनखात्याने सुमारे ८ लाख ८५ हजार एकर जंगलावर डीडीटी फवारले आणि पुढच्या उन्हाळ्यात तेथील झाडे कोळ्यांनी करपवली. रेचेल कार्सन यांनी १९६२ च्या आपल्या ग्रंथात ही हकिकत नोंदवली आहे. या ग्रंथाची आठवण आज पक्ष्यांसाठी काढली जाते. कोळ्यांची ही पाने वाचकांच्या नजरेतून निसटतात, हे मला अन्यायाचे वाटते.

मग पॅराथिऑनसारखी जहाल फॉस्फरसयुक्त औषधे आली. ती कोळ्यालाही मारत होती, पण किती काळ? १९५० च्या सुमारासच अमेरिकेतील गुलाबांच्या काचघरांत त्यांना न जुमानणारे कोळी आढळले. या वेगामागे एक जैविक कारण आहे. लाल कोळ्याचे नर अफलित अंड्यांतून जन्मतात, म्हणून त्यांच्याकडे जनुकांचा एकच संच असतो. प्रतिकाराचा गुण असेल तर तो नरात झाकलेला राहत नाही. फवारणीत इतर मरतात, तो उरतो आणि पुढची पिढी त्याची होते. आजवर ९० हून अधिक रसायनांविरुद्ध या जातीचा प्रतिकार नोंदला गेला आहे. २०११ मध्ये तिचा जनुकसंच प्रसिद्ध झाला, तेव्हा विषे पचवणाऱ्या जनुकांचे मोठे भांडार त्यात सापडले. हजारांहून अधिक वनस्पतींवर जगणाऱ्या जिवाला त्या वनस्पतींची विषे पचवावीच लागतात. आपली औषधे त्याला त्याच पठडीतली वाटली असावीत.

या कोंडीतून वाट निघाली ती अपघाताने. १९५८ मध्ये चिलीहून जर्मनीला आलेल्या ऑर्किडांवर एक नारिंगी, चपळ कोळी सापडला: फायटोसेइयुलस पर्सिमिलिस. लाल कोळी आणि त्याची अंडी हेच याचे अन्न. नेदरलँडमधील काकडी-उत्पादक यान कोपर्ट यांना रासायनिक औषधांची ॲलर्जी जडली होती; पर्यायाच्या शोधात ते या भक्षकापर्यंत पोहोचले आणि १९६७ मध्ये त्यांनी त्याच्या पैदाशीचा व्यवसायच सुरू केला. आज जगभरच्या हरितगृहांत हा कोळी शिपायासारखा सोडला जातो.

आता घरातल्या कुंडीकडे वळू. ग्रासलेले रोप आधी इतरांपासून वेगळे ठेवावे. मोरीत आडवे धरून पानांच्या पाठी पाण्याच्या धारेने धुवाव्यात, फार किडलेली पाने काढून टाकावीत. सौम्य साबणाचे पाणी किंवा कडुनिंबाच्या तेलाचे मिश्रण पानांच्या पाठींवर मारावे, पण भर उन्हात नव्हे. अंडी यातून वाचतात, म्हणून दर चार-पाच दिवसांनी किमान तीन-चार वेळा हे पुन्हा करावे लागते. सरसकट कीटक मारणाऱ्या घरगुती फवाऱ्यांपासून दूर राहावे. आजच्या पायरेथ्रॉइड वर्गातील औषधांनीही भक्षक मरून कोळी वाढल्याची उदाहरणे आहेत. भक्षक कोळी मागवणार असाल, तर एक गोष्ट ध्यानात असू द्या: कोरड्या हवेत त्याची अंडी सुकून जातात. एसीच्या झोताखाली तो टिकणार नाही. त्यालाही कुंड्यांभोवतीची हवा ओलसर लागते.