जलद जैवविविधता मूल्यांकन कार्यक्रम
जलद जैवविविधता मूल्यांकन कार्यक्रम हा कॉन्झर्व्हेशन इंटरनॅशनल या संस्थेने १९९० साली सुरू केलेला क्षेत्रीय सर्वेक्षणाचा उपक्रम आहे. अल्पज्ञात उष्णकटिबंधीय प्रदेशांत तज्ज्ञांचे छोटे पथक काही आठवडे पाठवून, कोणते क्षेत्र प्रथम संरक्षित करावे याविषयीची माहिती संबंधित देशाला लवकर पुरविणे, हा त्याचा उद्देश होय. संपूर्ण प्रजातीसूची होईपर्यंत थांबल्यास सूची करण्याजोगे जंगलच उरणार नाही, ही त्यामागील भूमिका होती. उपक्रमाच्या संकल्पनेत नोबेल पारितोषिक विजेते भौतिकशास्त्रज्ञ मरे गेल-मान यांचाही सहभाग होता.

पहिल्या पथकात पक्षितज्ज्ञ टेड पार्कर, वनस्पतितज्ज्ञ ॲल्विन जेंट्री व रॉबिन फॉस्टर आणि सस्तन प्राण्यांच्या अभ्यासक लुईस एमन्स होते. त्यांच्यासोबत स्थानिक शास्त्रज्ञही काम करीत.

पद्धत
पार्कर हे पक्षी प्रामुख्याने आवाजावरून ओळखत. दाट जंगलात पक्षी दिसण्यापेक्षा ऐकूच अधिक येतात. जेंट्री २ मीटर रुंद व ५० मीटर लांब अशा दहा पट्ट्यांतील, किमान २.५ सेंटिमीटर जाडीच्या खोडांची नोंद करीत. एकूण क्षेत्र ०.१ हेक्टर इतकेच भरत असले, तरी एकच मोजमाप सर्वत्र वापरल्याने दूरदूरच्या जंगलांची तुलना करता येई. फुले-फळे नसताना केवळ पाने, साल व चीक यांवरून झाड ओळखण्यात त्यांचा हातखंडा होता.

या वेगाला मर्यादाही आहेत. एकाच ऋतूतील भेटीत स्थलांतरित व दुर्मीळ प्रजाती निसटतात. त्यामुळे एखादी प्रजाती न आढळणे हा ती तेथे नसल्याचा पुरावा ठरत नाही. शिवाय पद्धतीचा डोलारा मोजक्या व्यक्तींच्या असाधारण कौशल्यावर उभा होता. ३ ऑगस्ट १९९३ रोजी इक्वेडोरमध्ये हवाई पाहणीदरम्यान विमान कोसळून पार्कर व जेंट्री दोघेही मृत्युमुखी पडले. पार्कर यांची ध्वनिमुद्रणे कॉर्नेल विद्यापीठाच्या संग्रहात जतन केलेली आहेत.

मादिदी
१९९० मधील पहिली मोहीम बोलिव्हियाच्या वायव्येकडील आल्तो मादिदी भागात झाली. तिच्या अहवालाने या प्रदेशाचे महत्त्व पुढे आणले व १९९५ साली तेथे मादिदी राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले. अँडीज पर्वताच्या हिमशिखरांपासून ॲमेझॉनच्या सखल वनांपर्यंत ते पसरलेले आहे. तेथील एका टिटी माकडाच्या शास्त्रीय नावाचा हक्क २००५ साली लिलावात एका ऑनलाइन कॅसिनोने ६,५०,००० डॉलरना घेतला. नाव विचित्र पडले, पण रक्कम उद्यानाच्या संरक्षणासाठी मिळाली. बेनी नदीवरील प्रस्तावित एल बाला धरणामुळे उद्यानाचा काही भाग पाण्याखाली जाण्याची शक्यता असून स्थानिक आदिवासी समुदायांनी धरणास विरोध केला आहे.